वारं गेलेल्या हाताची मोजणी

अंगावरून वारं गेलेला माणूस दवाखान्यात हात वर करून दाखवतो, मूठ उघडतो, मिटतो. सगळे म्हणतात, सुधारणा आहे. घरी आल्यावर तोच हात दिवसभर मांडीवर पडून. कप चांगल्या हातात, बटणं सून लावते, भाकरी लेक मोडून देते. साखरा आणि आसपासच्या वस्त्यांत आम्ही हे घरोघरी पाहतो.

हीच गोष्ट मोजणारं साधन आता निघालं आहे. दोन्ही मनगटांवर घड्याळासारखे पट्टे बांधतात. मोबाईल आडवा केला की चित्र आडवं होतं, ते ज्या चिपमुळे, तशीच चिप आत असते. कोणता हात दिवसात किती हलला याचा हिशेब ती ठेवते. धडधाकट माणसाचे दोन्ही हात दिवसभरात जवळपास सारखेच चालतात; उजवाच राबतो हा आपला समज. लकव्यानंतर हा तोल किती ढळला, ते आकड्यांत दिसतं. बोटांसाठी सेन्सरचे हातमोजेही असतात.

वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. पॉल ब्रँड यांनी 1940 च्या दशकात कुष्ठरोगाने वाकलेल्या हातांवर शस्त्रक्रिया सुरू केल्या. त्याच संस्थेत या पट्ट्यांवरही अभ्यास झाला आहे. पट्ट्याची खोड अशी, की चालताना हात नुसता झुलला तरी तो काम समजतो. झुलणं आणि काम वेगळं ओळखायचं कसं, हा तिथल्या अभ्यासाचा विषय.

हे साधन पुण्या-मुंबईपेक्षा साखऱ्याला जास्त लागणारं आहे. सुधारणा सर्वांत वेगाने होते ती पहिल्या तीन महिन्यांत. साखऱ्याहून सेनगाव, तिथून हिंगोली, असं आठवड्यातून तीनदा कोण जाणार? पेशंटची मजुरी बुडालेलीच, सोबतच्याचीही बुडते. पट्टे घरी दिले तर हाताचा हिशेब माणसाला न हलवता कळेल. पण तो हिशेब वाचून व्यायाम बदलणारा फिजिओथेरपिस्ट नसेल, तर पट्टा म्हणजे नुसतं घड्याळ, तेही वेळ न दाखवणारं! म्हणून सेनगावला फिजिओथेरपिस्टचा ठरलेला वार आणि तिथून उसने मिळणारे पट्टे, दोन्ही एकत्र मागावेत.

तोवर घरच्यांशी थोडं बोलायचं आहे. तुमची माया हाताला मारते आहे. न वापरलेला हात मेंदू विसरत जातो. 2006 साली अमेरिकेतला 222 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. उपचार घेणाऱ्या गटाच्या चांगल्या हातावर दोन आठवडे, जागेपणीचा बहुतेक वेळ, जाड मोजा चढवला आणि अधू हाताकडून काम करून घेतलं. तो हात सुधारला. मात्र त्या रुग्णांच्या मनगटात आणि बोटांत थोडी हालचाल शिल्लक होती. घरी आपल्या मनाने चांगला हात बांधू नका, तोल जाऊन माणूस पडेल. अधू हात ओढून उठवूही नका, खांदा दुखावतो.

त्याऐवजी कामं द्या. शेंगा सोलू द्या, हळकुंडं निवडू द्या, ताट पुसू द्या. वेळ लागेल, सांडेल, सांडू द्या. अधू हाताने केलेल्या प्रत्येक कामाची कागदावर एक रेघ ओढा. हे काम शाळेतल्या पोरांना सांगा, ती आजीला सूट देत नाहीत. पुढच्या तपासणीला ‘बरं आहे’ म्हणून गप्प बसू नका. रेघांचा कागद डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा आणि विचारा, आता पुढचा व्यायाम कोणता?