नंबर तोच, रेंज मात्र नाही

एक विद्यार्थी, बी. ए. द्वितीय वर्ष

मोबाईलची कंपनी बदलणे हा काय वार्षिकांकात लिहावयाचा विषय आहे, असे कोणी म्हणेल. माझे मित्र तर म्हणालेच. त्यांच्या मते हुंडा, बेकारी, दुष्काळ असे काहीतरी भारदस्त लिहावे. पण एका सिमकार्डापायी माझी शिष्यवृत्ती जाता जाता राहिली आणि वडिलांचा ऐन काढणीतला एक दिवस बुडाला, तेव्हापासून हा विषय मला लहान वाटेनासा झाला आहे.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. त्यामुळे इंग्रजीतला कोणताही कागद घरात आला की तो माझ्यापुढे येतो. बँकेचा मेसेज असो की औषधाच्या खोक्यावरची चिठ्ठी असो, मला ते कळलेच पाहिजे अशी घरच्यांची समजूत आहे. आणि मला कळत नाही असे कबूल करण्याचे धैर्य माझ्यात नाही. खरे सांगायचे तर पुढचे सारे रामायण त्यातूनच घडले.

आण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, नंबर २०१२ पासूनचा. फोन साधा, बटणाचा. घरात दुसरा फोन नव्हता, त्या काळात जे जे कागद झाले त्या सर्वांवर हाच नंबर पडला. रेशनकार्ड, बँकेचे पासबुक, पी. एम. किसान, बहिणीच्या शाळेचा दाखला, आणि आम्हा सर्वांची आधारकार्डे, माझ्यासुद्धा. शहरातल्या माणसाचा नंबर त्याच्या एकट्याचा असतो. आमच्याकडे एक नंबर म्हणजे एक घर.

जुलै २०२४ मध्ये तिन्ही मोठ्या खाजगी कंपन्यांनी एकदमच दर वाढविले. मी तेव्हा प्रथम वर्षात होतो. घरात आण्णांचा एक आणि माझा एक, असे दोन रिचार्ज. आण्णा इंटरनेट वापरत नाहीत. त्या फोनात ते चालतही नाही. तरी रोजच्या दीड जीबीसह रिचार्ज मारायचा आणि ती दीड जीबी रोज रात्री बारा वाजता वाया जायची. माझ्या मनाला ते फार लागले. दुकानात चौकशी केली तेव्हा दुसऱ्या एका कंपनीचा रिचार्ज थोडा स्वस्त निघाला. लोहाऱ्याच्या बसस्थानकात उभे राहून मित्राच्या फोनात रेंज पाहिली, ती भरपूर होती. झाले! मी आण्णांना सांगितले की कंपनी बदलू. ते एवढेच म्हणाले, "नंबर तोच राहतोय ना? मग कर की. तुला कळतंय त्यातलं."

नंबर तोच राहतो, ही सोय फार मोठी आहे, हे येथे न्यायाने सांगितले पाहिजे. पूर्वी कंपनी सोडली की नंबरही सोडावा लागे. नोव्हेंबर २०१० मध्ये हरियाणात आणि २० जानेवारी २०११ पासून देशभर नंबर न बदलता कंपनी बदलण्याची मुभा मिळाली. जुलै २०१५ पासून सर्कल ओलांडूनही ती मिळू लागली. डिसेंबर २०१९ मध्ये पद्धत आणखी सुटसुटीत केली गेली. १९०० या क्रमांकावर पोर्ट असे लिहून पुढे आपला नंबर टाकून एसएमएस करावयाचा. आठ अक्षरांचा कोड येतो. तो चार दिवस चालतो. तेवढ्या अवधीत नव्या कंपनीच्या दुकानात जाऊन ओळख पटवावयाची. मग आपल्याच सर्कलमध्ये असाल तर तीन कामाच्या दिवसांत काम होते. कागदावर हे इतके सोपे आहे की वाचून मला सरकारचे कौतुकच वाटले.

कागदावरून आमच्या गावात आले की त्याचे रूप पालटते. एसएमएस इंग्रजीत टाकायचा, कोड इंग्रजीत यायचा. बटणाच्या फोनावर ती अक्षरे जुळविताना माझाच अंगठा दोनदा चुकला. आण्णांनी ते कसे केले असते? कोड आला आणि तासाभरात त्यांना जुन्या कंपनीचा फोन. का सोडता, काय अडचण आहे, तुमच्यासाठी खास ऑफर आहे. आण्णांना वाटले, कोणी साहेब जाब विचारीत आहे. ते उठून उभे राहिले आणि म्हणाले, "पोरगा म्हणतोय साहेब, माझं काही न्हाई." असे तीन फोन आले. तिसऱ्या वेळी फोन माझ्या हाती देऊन ते घराबाहेर गेले. आपल्या पैशाने घेतलेली वस्तू सोडताना अपराध्यासारखे वाटावे, हे मला त्या दिवशी प्रथम कळले. सिम आण्णांच्या नावाचे, म्हणून दुकानात फोटोला तेच हवेत. म्हणजे तालुक्याला एक खेप आलीच. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात एकदाचे नवे सिम चालू झाले. मी मोठ्या ऐटीत घरी आलो.

आमची दोन एकर जमीन माकणीच्या धरणाच्या बाजूला उताराला आहे. त्या खोलगटात नव्या कंपनीची रेंज येत नाही. बसस्थानकात येते, घरी येते, शेतात येत नाही. आणि आण्णांचा दिवस शेतातच जातो. ही साधी गोष्ट, पदवीचे शिक्षण घेणाऱ्या माझ्या डोक्यात आली नाही. आता परत जुन्या कंपनीकडे जावे म्हटले तर नियम असा की एकदा बदलल्यावर ९० दिवस पुन्हा बदलता येत नाही. म्हणजे डिसेंबर उजाडणार.

इकडे शिष्यवृत्तीचा अर्ज. महाडीबीटीवर आधारचा ओटीपी लागतो, आणि तो आण्णांच्या नंबरवर. मी सेवा केंद्रात रांगेत उभा, माझा नंबर आला, ओटीपी गेला. आणि आण्णा शेतात, सोयाबीनच्या काढणीत, रेंजबाहेर. ओटीपी थोडीच मिनिटे चालतो. मागे माणसे खोळंबलेली. केंद्रवाला बिचारा चांगला; म्हणाला, "उद्या ये." दुसऱ्या दिवशी फोन मागून घेऊन आलो तर सर्व्हर बंद. तिसऱ्या दिवशी फोन पुन्हा शेतात, कारण मळणीयंत्रवाल्याचा निरोप यायचा होता. शेवटी चौथ्या दिवशी आण्णा स्वतःच काम टाकून माझ्याबरोबर आले आणि केंद्राच्या बाकावर फोन हातात धरून सकाळपासून दुपारपर्यंत बसले. अर्ज भरला गेला. परतताना ते मला काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरे झाले असते. मी नंतर माझ्या आधारला माझा स्वतःचा नंबर जोडून घेतला, ही अक्कल आधीच यावयास हवी होती.

आमचे एक प्राध्यापक म्हणतील, यात दोष तुझा आहे. आहेच. परंतु मला विचारावेसे वाटते की ज्या व्यवस्थेत एक चूक माफ होत नाही, ती व्यवस्था कोणासाठी बनविलेली असते? ज्याच्याकडे दोन सिमे आहेत त्याला रेंज गेली तर काही बिघडत नाही. ज्याच्याकडे एकरकमी पैसे आहेत तो वर्षाचा रिचार्ज मारतो आणि त्याला दिवसाचा दर कमी पडतो. रोजंदारीवाला अठ्ठावीस दिवसांचा मारतो. अठ्ठावीस तेरे तीनशे चौसष्ट. म्हणजे वर्षाला बारा नव्हे, तेरा महिने मोजावयाचे! दुकानातून छटाकभर तेल आणणाऱ्याला डबा नेणाऱ्यापेक्षा महाग पडते, तसाच हा हिशेब. नियामक मंडळाने, म्हणजे ट्रायने, जानेवारी २०२२ मध्ये प्रत्येक कंपनीने ३० दिवसांचाही पर्याय ठेवावा असा आदेश काढला. पण आमच्या दुकानाच्या काचेवर मोठ्या अक्षरांत अठ्ठावीसच लिहिलेले आहे.

आणखी एक आदेश मला फार बोलका वाटतो. ७ डिसेंबर २०२१ चा. स्वस्त रिचार्जात काही कंपन्या एसएमएस देतच नसत. आणि कंपनी बदलण्याचा अर्ज तर एसएमएसनेच करावयाचा! म्हणजे घराला दार आहे, पण किल्ली महागड्या भाडेकरूलाच. तेव्हा ट्रायला सांगावे लागले की रिचार्ज कोणताही असो, पोर्टचा एसएमएस गेलाच पाहिजे. असे काही सांगावे लागते, यातच सारे आले.

कंपन्यांनी धर्मादाय करावा असे माझे म्हणणे नाही. टॉवर उभारावयास पैसा लागतो हे मलाही कळते. माझे मागणे दोनच आहे. रिचार्ज संपला तरी सरकारी कामाचा आणि बँकेचा ओटीपी काही काळ येत राहावा, कारण सरकारने नंबर हीच आमची ओळख करून ठेवली आहे. आणि नवी कंपनी पसंत न पडल्यास पहिल्या पंधरा दिवसांत परत फिरता यावे. कापडाच्या दुकानातही गिऱ्हाईक ठाण उलगडून पाहते. येथे पाहावयास मिळत नाही आणि परतही करता येत नाही. रेंजचे नकाशे कंपन्यांनी संकेतस्थळावर द्यावेत असा नियम २०२४ मध्ये झाला आहे. पण त्या नकाशात आमच्या शेताचा खोलगट कोण पाहणार?

हे काम आपण करू शकतो. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण दरवर्षी गाव झाडतो. एखाद्या वर्षी प्रत्येकाने आपापल्या गावात, बांधाबांधावर फिरून कोणत्या कंपनीची रेंज कुठे येते हे वहीत उतरवून काढले आणि ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावले, तर माझ्यासारखी फजिती आणखी कोणाची होणार नाही. प्राचार्यांनी याचा विचार करावा, ही विनंती.

डिसेंबर २०२४ मध्ये ९० दिवस संपले. त्याच महिन्यात ट्रायने नियम केला की ज्यांना इंटरनेट नको त्यांच्यासाठी केवळ बोलणे आणि एसएमएस असलेला रिचार्ज कंपन्यांनी ठेवलाच पाहिजे. जानेवारीत मी दुकानात तो मागितला. दुकानदाराने आधी मला वेड्यात काढले, मग मोबाईलमध्ये बराच वेळ खाली खाली सरकवीत गेला आणि म्हणाला, "हाय की रे, पण ह्यो कुणी मागत न्हाई." तो चौऱ्याऐंशी दिवसांचा होता. मी मारला.

कंपनी पुन्हा बदलू का, असे आण्णांना विचारले. ते नको म्हणाले. त्या अवधीत त्यांनी शोधून काढले होते की बांधावरच्या लिंबाखाली रेंज येते. आता ते सकाळी शेतात गेले की फोन भाकरीच्या पिशवीत घालून त्या लिंबाच्या फांदीला अडकवितात, आणि वाजला की नांगर सोडून पळत येतात.