भुंग्यांवरील कोळी : एक खुलासा

संपादक महाशय,


वेताळ टेकडीवरील भुंग्यांच्या अंगावर सूक्ष्म कोळी आढळल्यावरून ते रोगट ठरवून औषध फवारण्याची जी तजवीज आपल्या पत्रलेखकाने गतांकात सुचविली, ती सर्वथा अनाठायी होय. वठलेले लाकूड पोखरणाऱ्या थोराड भुंग्यांपैकी काही जातींच्या मादीस कंबरेलगत, उदराच्या पहिल्याच खंडात, या प्रवासी कोळ्यांसाठी स्वतंत्र कप्पा असतो. पर्किन्स या कीटकशास्त्रज्ञाने त्याचे वर्णन १८९९ सालीच केले असून, हे कोळी घरट्यात उतरून पिलांच्या अंगावरील स्रावावर गुजराण करतात. मधमाश्यांचा घात करणारा व्हरोआ हा कोळी निराळा. सबब, फवारणीचा आग्रह सोडून या परागवाहक भुंग्यांस अभय द्यावे, ही सर्व टेकडीप्रेमींस कळकळीची विनंती.

आपला,
एक वाचक, एरंडवणे, पुणे