मजाक कोणाची, किंमत कोणाची?



सिरोंचात उन्हाळ्याच्या तोंडावर एक व्हिडिओ फिरला. जेमतेम दोन मिनिटांचा. चहाच्या टपरीवर एक पोरगा बसला आहे. त्याचा फोन वाजतो. पलीकडचा आवाज साहेबी थाटात सांगतो, "गडचिरोलीहून बोलतोय. पोलीस भरतीच्या प्रतीक्षा यादीतून तुझे नाव वर आले आहे. सोमवारी मूळ कागदपत्रे घेऊन हजर राहा." पोरगा उभा राहतो. "हो सायेब, हो सायेब" म्हणतो. मराठी अडखळते, मध्येच तेलुगू शब्द येतो, माडियाचा हेल येतो. फोन ठेवल्याबरोबर तो आईला फोन लावतो. तिच्याशी बोलताना त्याचा गळा भरून येतो. मग समोर बसलेला दोस्त खिशातला मोबाईल बाहेर काढतो आणि चौघे एकदम ओरडतात, "पोपट झाला रे!" खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग आणि मागे गाणे.

व्हिडिओ तिथे संपतो. पुढचे आम्ही सांगतो. त्याची आई तेव्हा नदीपलीकडे तेलंगणात मिरची तोडायला गेली होती. आमच्या भागातून दरवर्षी बाया-माणसे जातात, तशीच. पोराला नोकरी लागली, हे तिने टोळीतल्या सगळ्यांना सांगून टाकले होते. त्या संध्याकाळी पोराला आईला दुसरा फोन करावा लागला. तो दुसरा फोन कोणी शूट केला नाही, कारण त्यात हसण्यासारखे काही नव्हते.

आता आम्हाला जड जाणारी गोष्ट. त्या चौघांपैकी दोघे आमच्या अभ्यासवर्गात येणारे, आपल्याच वस्तीतले, बौद्ध घरातले. ज्याचा पोपट केला तो माडिया. तोही वर्गाला यायचा. आता येत नाही. हे झाकून ठेवले असते तर कोणाला कळले नसते. पण दुसऱ्यांचे उघडे पाडायचे आणि आपले झाकायचे, ही आपली चळवळ नाही.

आम्ही दोघांना विचारले. उत्तर आले, "दादा, मजाक होती. टीव्हीवर, मोबाईलवर रोज दाखवतात. ते पण दोस्तच असतात एकमेकांचे." हा लेख त्या उत्तराला आहे. त्या दोन पोरांना शिव्या घालण्यासाठी हा लेख नाही, कारण हेच उत्तर आज आपल्यातले हजारो तरुण देतील.

तर टीव्हीवर काय दाखवतात ते आधी नीट पाहू. लपवलेल्या कॅमेऱ्याचा धंदा नवा नाही. अमेरिकेत ॲलन फंट नावाच्या माणसाने १९४७ मध्ये रेडिओवर लपवलेल्या माईकचा कार्यक्रम आणला आणि पुढच्याच वर्षी तो टीव्हीवर नेला. तोच पुढे 'कँडिड कॅमेरा' म्हणून गाजला. आपल्याकडे नव्वदच्या दशकाच्या अखेरीस सायरस ब्रोचाचा 'एमटीव्ही बकरा' आला. नावातच सगळे आले. बकरा म्हणजे कापायला आणलेला. त्याला शेवटपर्यंत कळत नाही, कळते तेव्हा उशीर झालेला असतो.

आणि आमची पोरे ज्याचे तुकडे मोबाईलवर पाहतात तो 'इम्प्रॅक्टिकल जोकर्स'. २०११ च्या डिसेंबरात अमेरिकेत सुरू झाला. सुरुवातीला न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडचे, शाळेपासूनचे चार दोस्त त्यात होते. एकाच्या कानात यंत्र असते, बाकीचे तिघे आत बसून सांगतात, "आता त्या माणसाला जाऊन हे बोल, हे कर." बोलला नाही तर तो हरला. शेवटी ज्याची हार जास्त त्याला शिक्षा, आणि शिक्षेला नाही म्हणता येत नाही.

या कार्यक्रमाची न्याय्य बाजू आधी मान्य करू. दुकानातल्या गिऱ्हाइकाला कॅमेरा ठाऊक नसतो हे खरे, पण फजिती मुख्यतः दोस्ताचीच होते, गिऱ्हाइकाची नाही. त्या दोस्ताला कॅमेरा कुठे आहे ते माहीत असते. आज त्याची पाळी, उद्या दुसऱ्याची. खेळ संपला की चौघेही सारखेच नावाजलेले, सारखेच कमावते. त्यांची लाज ही त्यांची रोजी आहे.

आता आमच्या टपरीवरचा प्रसंग याच्या शेजारी ठेवा. पोराला कॅमेरा ठाऊक नव्हता. खेळ चालू आहे हेच ठाऊक नव्हते. उद्या त्याची पाळी येऊन तो या चौघांचा पोपट करणार होता का? नाही. चौघांपैकी एकाला तरी पाच वर्षे पहाटे उठून रस्त्यावर धावावे लागले होते का? नाही. व्हिडिओ संपल्यावर चौघे घरी गेले ते गावचे हसरे पोर म्हणून. तो घरी गेला तो 'हो सायेब' म्हणून. आज बाजारात त्याला याच नावाने हाक मारतात. नक्कल कार्यक्रमाची झाली, पण कार्यक्रमाला जे थोडेफार न्याय्य करत होते, ते सगळे गळून पडले.

आम्ही इथे एक फरक मांडतो. लाज वेगळी आणि अपमान वेगळा. लाज बरोबरीच्या माणसांत वाटते आणि दुसऱ्या दिवशी विरते. अपमान उतरंडीत होतो आणि तो माणसाला त्याची पायरी दाखवण्यासाठी होतो. दोस्त दोस्ताला लाजवू शकतो. पण ज्या क्षणी हशा त्याच्या भाषेवर, त्याच्या गरिबीवर, त्याच्या जातीजमातीवर येतो, त्या क्षणी दोस्ती संपलेली असते आणि उतरंड बोलू लागते. त्या व्हिडिओत लोक सर्वात जास्त कुठे हसले? फोन खोटा निघाला तिथे नाही. "हो सायेब"वर हसले. माडियाच्या मराठीवर हसले. ज्या सिरोंचात निम्मा बाजार तेलुगूत चालतो, जिथे शुद्ध मराठी कोणाच्याच तोंडी नाही, तिथे हसायला एक माडिया सापडला.

दोस्तीच्या थट्टेत जात कशी शिरते याचे सर्वांना माहीत असलेले उदाहरण क्रिकेटचे आहे. एप्रिल २०२०, टाळेबंदीचे दिवस. युवराज सिंग आणि रोहित शर्मा इन्स्टाग्रामवर गप्पा मारत होते. विषय निघाला युजवेंद्र चहलच्या नाचाच्या व्हिडिओंचा. युवराजने त्याला हसत हसत एका सफाई करणाऱ्या जातीचे नाव शिवीसारखे लावले. चहल त्यांचा दोस्तच. बोलणारा हसला, ऐकणाराही हसला. पुढे ओरड झाल्यावर युवराजने खेद व्यक्त केला. हरियाणात हांसी येथे ॲट्रॉसिटीचा गुन्हा दाखल झाला, ऑक्टोबर २०२१ मध्ये अटक दाखवून जामिनावर सुटकाही झाली. आम्हाला त्या खटल्यापेक्षा त्या हशात जास्त रस आहे. त्या गप्पांत बकरा कोण होता? चहल नव्हता. ज्यांच्या जातीचे नाव शिवी म्हणून वापरले, जे त्या गप्पांत नव्हते, गटारात उतरत होते, ते लोक बकरा होते. दोस्त दोस्तावर हसतो असे वाटते, पण ओझे तिसऱ्याच्या डोक्यावर जाते.

ही आजची गोष्ट नाही. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात नावे कशी ठेवावीत याचा नियम आहे. ब्राह्मणाचे नाव मंगल असावे, क्षत्रियाचे बळाचे, वैश्याचे धनाचे आणि शूद्राचे निंदावाचक. म्हणजे पोर जन्मले की त्याला हाक मारणेच एक थट्टा व्हावी, अशी सोय. आपल्या आज्या-पणज्यांनी कचरू, धोंड्या ही नावे अंगावर बाळगली. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात आणि १६ ऑक्टोबरला चंद्रपुरात दीक्षा घेतली तेव्हा आपण ही थट्टा नाकारली. त्यानंतर आपल्या घरांत गौतम आले, राहुल आले, सुजाता आल्या. आणि आज त्याच घरातला पोरगा माडिया पोराला 'हो सायेब' हे नाव ठेवतो?

बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेला श्रेणीबद्ध विषमता म्हटले. वर जावे तसा आदर वाढतो, खाली यावे तसा तिरस्कार. या व्यवस्थेची खरी ताकद ही की प्रत्येकाला तुच्छ लेखायला कोणीतरी खाली मिळतो, म्हणून कोणी एकत्र येत नाही. आमच्या दोन पोरांनी वर्गात हे वाचले होते. टपरीवर त्यांनी ते करून दाखवले.

काहीजण म्हणतील, कायदा आहे ना. कायदा काय म्हणतो तेही सांगतो. महाराष्ट्राचा रॅगिंग प्रतिबंधक कायदा १९९९ चा आहे. विद्यार्थ्याला लाज वाटेल, ओशाळे व्हावे लागेल असे वागणे आणि त्याची फजिती करणारी थट्टा, हे त्यात रॅगिंग म्हणून धरले आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. म्हणजे 'मजाक होती' हा बचाव आपल्या राज्याच्या कायद्याने पंचवीस वर्षांपूर्वीच फेटाळला आहे. तरीही २२ मे २०१९ ला मुंबईच्या नायर रुग्णालयात डॉ. पायल तडवी यांनी जीव दिला. तडवी भिल्ल समाजातली, स्त्रीरोगशास्त्र शिकणारी मुलगी. वरिष्ठ विद्यार्थिनी जातीवरून तिला सतत टोमणे मारत, हिणवत, असा तिच्या कुटुंबाचा आरोप आहे. तिला टोमण्यांशी लढायचे नव्हते, डॉक्टर व्हायचे होते.

पण १९९९ चा कायदा शिक्षणसंस्थांपुरता आहे, टपरीला लागू नाही. ॲट्रॉसिटी कायद्यात आरोपी अनुसूचित जाती-जमातीबाहेरचा असावा लागतो, म्हणजे आमच्या दोन पोरांना तो लागत नाही. कायदा जिथे आपल्याला हात लावत नाही, तिथे आपली जबाबदारी कमी होत नाही, वाढते. तिथे पोलीस नाहीत, फक्त शील आहे.

दुसरा आक्षेप नेहमीचा. "तुम्हा लोकांना विनोदच कळत नाही. सारखे दुखावता." हे आम्ही ऐकून घेणार नाही. या महाराष्ट्राला हसायला शिकवणाऱ्यांत आपले लोक पुढे होते. जोतीराव फुल्यांनी १८५५ मध्ये 'तृतीय रत्न' नाटक लिहिले, त्यातला विदूषक अडाणी कुणब्याला फसवणाऱ्या भटजोशाची पिसे काढतो. सत्यशोधक जलसे झाले, भीमराव कर्डकांचे आंबेडकरी जलसे झाले. तमाशातला सोंगाड्या पाटील-सावकाराची टोपी उडवत आला. पण हे सगळे उघड्या फडावर, तोंडासमोर, आणि नेहमी वरच्यावर. फुल्यांचा विदूषक कुणब्याला हसवतो, कुणब्याला हसत नाही. ज्याच्या हाती सत्ता आहे त्याची फिरकी घ्यायला हिंमत लागते. ज्याच्या हाती फक्त आशा आहे, त्याची फिरकी घ्यायला खिशात मोबाईल पुरतो.

पोलीस भरतीची खोटी आशा दाखवायला आमच्या पोरांना कोणी शिकवावे लागले नाही. या तालुक्याला खोट्या आशा पुष्कळ दाखवल्या गेल्या आहेत. मेडीगड्डा धरण २०१९ ला सुरू झाले, पाणी तेलंगणाला आणि बुडालेली शेते सिरोंचाला. त्यावर व्हिडिओ करा ना. शासनाची आश्वासने घेऊन शासनाचा पोपट करा. आम्ही पहिले शेअर करू.

आणि आता धम्माचे. आपण पंचशील म्हणतो, त्यातले चौथे खोटे न बोलण्याचे. मज्झिम निकायात अंबलट्ठिक राहुलोवाद सुत्त आहे. भगवान बुद्ध आपल्या मुलाला, राहुलला शिकवतात, की थट्टेतसुद्धा खोटे बोलायचे नाही. सम्राट अशोकाने आपल्या भाब्रू शिलालेखात भिक्षू आणि उपासकांनी वारंवार ऐकावी अशी जी वचने सांगितली, त्यांत राहुलला केलेला हा खोट्याविषयीचा उपदेश आहे. सिगालोवाद सुत्तात खरा मित्र कसा ओळखावा ते सांगितले आहे. तो आपले गुपित तुम्हाला सांगतो आणि तुमचे गुपित जपतो. पोलीस व्हायचे आहे हे त्या पोराचे गुपित होते. दोस्तांना ते माहीत होते, कारण त्याने विश्वासाने सांगितले होते. दोस्तांनी ते जपले नाही, त्याचा गळ केला.

बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बजावले होते, की स्वातंत्र्य, समता आणि बंधुता एकमेकांपासून तोडता येत नाहीत. आपण समतेवर रोज बोलतो. बंधुता मात्र संविधानाच्या उद्देशिकेत ठेवून टपरीवर जातो.

आम्ही काय केले तेही सांगतो. व्हिडिओ काढायला लावला. तो आधीच पन्नास ग्रुपवर गेला आहे, पूर्ण निघणार नाही. दोघांना सांगितले, माफी मोबाईलवर नाही, त्याच टपरीवर मागायची. त्यातला एक गेला. दुसरा अजून 'एवढे काय झाले' म्हणतो. आणि ती आई मिरची तोडून परत येईल तेव्हा आम्ही तिच्या घरी जाणार आहोत. चुकलेल्यांतले दोघे आमच्या वर्गातले आहेत, म्हणून माफी आम्हीही मागायची आहे.

तुमच्या गावात, तुमच्या वसतिगृहात, तुमच्या ग्रुपवर असा व्हिडिओ आला तर पुढे पाठवण्याआधी तीन प्रश्न विचारा. ज्याच्यावर हसतो आहोत त्याला हे आधी ठाऊक होते का? उद्या तो आपल्यावर असाच हसू शकेल का? आणि त्याच्या आईने हे पाहावे असे आपल्याला वाटते का? एकाचेही उत्तर 'नाही' आले तर तो विनोद नाही. तो तिथेच थांबवा, आणि ज्याने पाठवला त्याला तोंडावर सांगा.

तो पोरगा अजून वर्गाला आलेला नाही. पहाटे मात्र प्राणहितेच्या बाजूच्या रस्त्यावर धावताना दिसतो.

जय भीम! नमो बुद्धाय!