नेता बदलतो, रीत बदलत नाही

ऑगस्ट १९७३ मध्ये भाऊसाहेब बांदोडकर गेले. महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाची आणि गोव्याच्या कारभाराची धुरा त्यांच्या कन्येकडे, शशिकला काकोडकरांकडे आली. १९७९ मध्ये पक्षातलेच आमदार फुटले, सरकार कोसळले. त्यानंतर गोव्यात एकही स्त्री मुख्यमंत्री झालेली नाही. २०२२ मध्ये या पक्षाला ४० पैकी २ जागा मिळाल्या.

खचलेला पक्ष सावरायचा म्हणून नेतृत्व बदलाची चर्चा होते. पण घरोघर फिरणारी, सभेला बायका जमवणारी कार्यकर्ती त्या वेळी कुणाला आठवते? वारशाने एकीला खुर्ची मिळते. बाकीच्या सतरंजीवरच राहतात. मैत्रिणींनो, नेता कोण, हे विचारण्याआधी विचारू या : तो निवडताना आपले मत कोणी घेतले?