गांजा, जिवाणू आणि पाषाण रोड

गांजा म्हटलं की आपल्याला पोलीस आठवतात, नाहीतर साधूबुवा. मला मात्र परवा पाषाण रोडवरून जाताना एनसीएलचं गेट दिसलं आणि जिवाणू आठवले. हसू नका, सांगतो.

गांजातले कॅनाबिनॉइड रेणू तेलकट, पाण्यात नीट विरघळत नाहीत. औषध करायचं तर ही मोठीच कटकट. काही जिवाणू या रेणूच्या कार्बनच्या शेपटीला ठरावीक जागी ऑक्सिजन जोडून देतात, हे १९७०च्या दशकातच दिसलं होतं.

असलं काम पुण्याला नवं नाही. अमॉक्सिसिलिन बनवायला आधी पेनिसिलिनची शेपटी कापावी लागते. ती कापणारं एन्झाइम ई. कोलाय जिवाणूत मिळतं, आणि त्यावर एनसीएलमध्ये वर्षानुवर्षं काम झालं. औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रहही तिथलाच.

तिकडे जम्मूच्या प्रयोगशाळेत गांजाच्या औषधी उपयोगावर संशोधन होतं. दोन्ही संस्था सीएसआयआरच्याच. मग दोघांनी मिळून हे काम हाती घ्यायला काय हरकत आहे?

लोक म्हणतील, नशेला वाट मिळेल. भीती खोटी नाही. नशा न आणणाऱ्या कॅनाबिडिऑलचं आम्लात टीएचसी होऊ शकतं. म्हणून परवाना हवा, मिलिग्रॅमचा हिशेब हवा. पण २०१८ साली अमेरिकेत मंजूर झालेलं, लहान मुलांच्या दुर्धर फिट्सवरचं औषध म्हणजे हेच कॅनाबिडिऑल. झाड बदनाम म्हणून रेणूला शिक्षा कशाला?

असो. ज्या आईच्या पोराला दिवसातून दहादा फिट येते, तिला औषध झाडातून आलं की टाकीतून, याच्याशी काय देणंघेणं?