मोठा सूट कपाटात ठेवा

कॅलिफोर्नियातल्या पेरिसच्या आकाशात 2012 मध्ये 100 जणांनी विंगसूट, म्हणजे हातापायांमध्ये कापडी पंख असलेला सूट, घालून एकत्र रचना साधली. त्याच आकाशात मी सुट्टीच्या दिवशी उडते, आणि माझं मत ठाम आहे: गटात नवखा असेल तर अनुभवी माणसाने मोठा सूट बाजूला ठेवून लहान घालावा.

कापड जितकं जास्त, तितकं तरंगणं जास्त. नवख्याचा सूट लहान असतो, आणि लहान सूटवाला हातपाय पूर्ण ताणूनही एका मर्यादेपलीकडे तरंगत नाही; गटाच्या खाली गेला की वर येणं जवळपास अशक्य. मोठ्या सूटवाल्याला गुडघे वाकवून, हात आवळून खाली उतरता येतं खरं. पण पंख असे दुमडले की तोल नाजूक होतो. त्यात खालच्या माणसाच्या पाठीवरची ढवळलेली हवा लागली, तर तो थेट त्याच्या अंगावर कोसळतो.

अमेरिकेत पहिल्या विंगसूट उडीआधी पॅराशूटच्या किमान 200 उड्या झालेल्या असाव्या लागतात. एवढी तयारी आधी लागते, मग कुणी कुठला सूट घालायचा, हे विमानात चढताना का ठरावं? संयोजकांनी ते जमिनीवरच ठरवावं, आणि ज्या जागेकडे बघून बाकीचे आपली जागा घेतात, तिथे सर्वांत लहान सूटवाला ठेवावा. हे ज्याला पटत नाही, त्याने दुसऱ्या गटात उडावं.