आरेचं स्टेटस ठेवून झालं, पुढे काय?

४ ऑक्टोबर २०१९, शुक्रवार. तुमच्यातले बरेचजण तेव्हा शाळेत असतील. मुंबई हायकोर्टाने आरेच्या झाडांबाबतच्या याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री मेट्रो-३ च्या कारशेडच्या जागेवर करवती सुरू झाल्या. मेसेज फिरले, मुलंमुली मिळेल त्या वाहनाने गोरेगावला पोहोचली. जमावबंदी लागली, २९ जणांना अटक झाली. त्यात विद्यार्थीही होते. सोमवारी, ७ तारखेला, सुप्रीम कोर्टाने पुढची तोड थांबवली. दसऱ्याच्या सुट्टीत कोर्ट बसलं, तेही कायद्याच्या विद्यार्थ्याने सरन्यायाधीशांना लिहिलेल्या पत्रावरून!

ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो, आणि सांगायलाच हवी. पण तिचा उरलेला भाग कुणी फारसा सांगत नाही. स्थगिती आली तोवर २,१४१ झाडं आडवी झाली होती. पत्र पोहोचलं, पण उशिरा.

मग आधी कुणी काहीच केलं नव्हतं का? केलं होतं. महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे ८० हजारांवर हरकती गेल्या होत्या. तरीही ऑगस्टअखेर परवानगी मिळाली. आरेला जंगल घोषित करा, ही मागणी हायकोर्टाने ऐकली नाही, कारण हा विषय आधीच सुप्रीम कोर्ट आणि हरित लवादापुढे होता. म्हणजे नुसती गर्दी पुरत नाही. कुठला अर्ज, कुठल्या दारात, कधी, हे माहीत असावं लागतं. चळवळीतलं हे सगळ्यात कंटाळवाणं काम. याचं रील होत नाही. पण पुष्कळदा निकाल इथेच लागतो.

पुढचंच बघा ना. एप्रिल २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने मेट्रो कॉर्पोरेशनला १० लाखांचा दंड केला. परवानगी ८४ झाडांची होती, त्याहून जास्त झाडांसाठी अर्ज थेट वृक्ष प्राधिकरणाकडे गेला होता, म्हणून. त्याच आदेशात १७७ झाडं काढायला मुभाही मिळाली. या बातमीचं स्टेटस आपल्यापैकी किती जणांनी ठेवलं?

कुणी म्हणेल, मेट्रो नको का मग? हवीच. आज ती धावतेय, आपल्यातले कितीतरी जण तिनेच कॉलेजला जातात, आणि रस्त्यावरच्या गाड्या कमी झाल्या तर हवेचं भलंच आहे. वाद मेट्रोचा नव्हताच, कारशेडच्या जागेचा होता. ‘विकास की पर्यावरण’ असं वादस्पर्धेच्या विषयासारखं विचारलं की हा साधा प्रश्न हरवतो: जागा कुणी ठरवली, आणि तिथे राहणाऱ्यांना विचारलं का?

तिथे राहणारे म्हणजे आरेतले २७ आदिवासी पाडे. वारली, कोकणा, मल्हार कोळी. वाघोबाला हात जोडून बिबट्याच्या शेजारी राहणारी ही माणसं मुंबईच्या मतदारयादीत आहेत, पण काही पाड्यांवर साध्या नळाच्या पाण्यासाठी झगडावं लागलंय. आपल्या पोस्टरवर झाडं होती, बिबट्या होता. पाड्यावरची बाई क्वचितच होती.

२०२० मध्ये आरेतली सुमारे ८०० एकर जमीन राखीव वन करण्याचा निर्णय झाला. आपण टाळ्या वाजवल्या. पण राखीव वन होताना तिथल्या रहिवाशांचे हक्क तपासून नोंदवावे लागतात. पिढ्यान् पिढ्यांची वहिवाट कागदावर दाखवता आली नाही, तर जंगल वाचतं आणि ज्यांनी ते राखलं तेच अतिक्रमणदार ठरतात. तसं झालं तर त्याला जंगल वाचवणं तरी कसं म्हणायचं?

म्हणून यंदा ५ जूनला रोप लावून फोटो काढण्याआधी एक करून बघा. चार-पाच जणांचा गट करा. आपल्या वॉर्डात झाडतोडीच्या नोटिसा निघतात, हरकतीला थोडे दिवस मिळतात. त्या नोटिसा आळीपाळीने वाचा. कॉपी-पेस्ट हरकत नको, जागेवर जाऊन झाडं मोजून लिहा. लॉ शिकत असाल तर माहिती अधिकाराचा अर्ज लिहून द्या. मराठीवाले, सरकारी भाषा सोपी करून सांगा. आणि एखाद्या पाड्यावर जाणार असाल तर भाषण द्यायला जाऊ नका. काय हवंय ते आधी विचारा. जुनी बिलं, दाखले, पावत्या लावून द्यायला हात हवा असेल, तर तेवढंच करा.

घोषणा द्यायला आपण जमतोच. पुढच्या वेळी करवत सुरू व्हायच्या आधी जमू या.